पाटीखाली उभे राहणे

आमच्या कारखान्यात सुरक्षेचं शिक्षण द्यायला जो माणूस होता, त्याला सगळे फोटोसाहेब म्हणायचे. तोंडावर अर्थात नुसतं साहेब. मी उद्धट माणसं पाहिली आहेत, लबाड पाहिली आहेत, कामचुकार तर रोजच पाहते. पण त्यांच्यातल्या प्रत्येकात शोधलं तर काहीतरी एक धड सापडायचं. याच्यात मी नऊ वर्षं शोधलं.

कारखाना मटार आणि मक्याचे दाणे गोठवण्याचा. मी निवडणीच्या हॉलची सुपरवायझर. माझ्या हाताखाली बेचाळीस बायका. सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून पिवळा, किडका, फुटका दाणा बोटांनी बाजूला उडवायच्या. हॉलच्या डाव्या भिंतीला लागून मशीनघर होतं आणि मशीनघरात अमोनिया. आमची सगळी थंडी तिथून यायची. अमोनिया जरा सुटला की डोळ्यांतून धारा लागतात, जास्त सुटला की घेतलेला श्वास घशातच अडतो, आणि त्याहून जास्त सुटला तर पुढचं सांगायला माणूस उरत नाही. या अमोनियापासून आम्हाला वाचवायचं काम फोटोसाहेबाकडे होतं.

मुळात तो हजेरीचा कारकून. कोण किती मिनिटं उशिरा आलं ते लिहिण्यात त्याची पंधरा वर्षं गेली. मग वरून पत्र आलं की इतकी माणसं कामाला आहेत तर सुरक्षा अधिकारी नेमा. मालकांनी इकडेतिकडे पाहिलं. ज्याच्या जाण्याने कुठलंच काम अडणार नाही असा एकच माणूस त्यांना दिसला. त्याला सहा रविवारांच्या कोर्सला पाठवलं. कोर्स संपला आणि सोमवारी हा पांढरंशुभ्र हेल्मेट घालून आला. हेल्मेटवर लाल अक्षरांत स्वतःचं नाव. ऑफिसात खुर्चीच्या मागे काचेच्या चौकटीत सर्टिफिकेट. पहिल्याच दिवशी त्याने शिपायाला चौकट पुसायला लावली, स्वतः मात्र खाली स्टुलाला हात लावून उभा राहिला नाही. शिपाई स्टुलासकट हलत होता आणि हा सांगत होता, "डावीकडे जरा डाग आहे बघ."

महिन्यातून एकदा कॅन्टीनमध्ये त्याचा वर्ग भरायचा. पंचवीस मिनिटांचा. त्यातली पंधरा फोटोत जायची.

"उंच बायकांनी मागे. तुम्ही, हो तुम्हीच, एप्रन मळका आहे, तुम्ही मागे. सगळ्यांनी अंगठा वर. हसा. अपघात टाळल्यासारख्या हसा!"

उरलेली दहा मिनिटं कवितांची. त्याला यमकाचं व्यसन होतं. "हेल्मेट घाला डोक्याला, घाबरू नका धोक्याला." आमच्यातल्या एकीने एकदा विचारलं, "साहेब, आम्हाला हेल्मेट कधी मिळणार?" तर म्हणाला, "तुमच्या खात्याला लागू नाही. पण घोषवाक्य सगळ्यांना लागू आहे."

सुपरवायझरांचा वर्ग वेगळा. तो गार खोलीत, चहा-बिस्किटांसह. त्यात त्याने आम्हा सात जणांना विचारलं, "सुपरवायझरचं पहिलं कर्तव्य काय?" पाकिटं भरण्याच्या खात्यावरचा म्हणाला, माणसं सुखरूप ठेवणं. साहेबाने मान हलवली. "चूक. नोंद पूर्ण ठेवणं. माणसाला काही झालं आणि नोंद पूर्ण असली तर आपण सुटलो. माणसाला काही झालं नाही आणि नोंद अपुरी असली तरी आपण अडकलो." हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर असं तेज होतं की जणू जगण्याचं रहस्यच फोडतोय. आम्ही सातही जणांनी ते वहीत उतरवून घेतलं. मीसुद्धा.

आता पाटीची गोष्ट सांगते. भोंगा वाजला की सगळ्यांनी कुठे जमायचं ती जागा पूर्वी मागे होती, पाण्याच्या टाकीजवळ. आमच्याकडे वारा वर्षातले आठ-नऊ महिने मागच्या माळावरून येतो आणि पुढच्या गेटकडे जातो, म्हणून कुणीतरी शहाण्याने ती तशी ठरवली असणार. पण तिथे गंजके पाइप, झुडपं आणि चिखल. परदेशातले गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार म्हटल्यावर फोटोसाहेबाला ते दिसायला बरं वाटेना. त्याने पुढच्या हिरवळीवर, फुलांच्या वाफ्यांमध्ये, नवी पाटी उभी केली. हिरवी, चार बाण मधे येतात आणि मधे माणसांचा घोळका. हिरवळ बरोबर मशीनघरासमोर. मागच्या खांबावर वारा दाखवायला एक कापडी पिशवी फडफडत असायची, तीही त्याने उतरवली. फाटकी होती, फोटोत वाईट दिसायची. नवी मागवली आहे, असं दोन वर्षं सांगत होता.

मशीनघर सांभाळणारे दादा अबोल माणूस. कॉम्प्रेसरच्या आवाजात तीस वर्षं काढल्यावर बोलायची सवय राहत नाही. पण त्या महिन्याच्या वर्गात ते उभे राहिले.

"साहेब, पाटी चुकीच्या जागी लागली."

"का? वाकडी आहे?"

"वाकडी नाही. वारा मागून येतो. मशीनघरात काही फुटलं तर सगळा वायू त्या हिरवळीवर जाणार."

साहेब हसला. "अमोनिया हवेपेक्षा हलका असतो. वर जातो. पुस्तकात दिलंय."

"पुस्तकातला जात असेल. टाकीतून गार सुटलेला वर जात नाही. धुकं होतं त्याचं, जमिनीलगत सरकतं. मी तीस वर्षं त्याच्यासोबत राहतोय."

"मग त्याच्याशीच लग्न लावायचं होतं की!"

कॅन्टीन हसलं. हे सांगताना लाज वाटते, पण मीही हसले. दादा खाली बसले आणि पुन्हा त्या वर्गात कधी बोलले नाहीत.

वर्ग झाल्यावर परीक्षा असायची. म्हणजे कागदावर असायची. दहा प्रश्न, पर्यायांवर खूण करायची, एका प्रश्नाचं उत्तर लिहायचं आणि खाली सही. बायकांना पट्ट्यावरून सोडलं तर माल तुंबायचा, म्हणून साहेब गठ्ठा माझ्याकडे आणून द्यायचा. "बाई, तुमचा हात चांगला आहे. वेगवेगळं अक्षर येतं तुम्हाला." ही स्तुती मला आवडायची, हे कबूल करते. माझ्या बेचाळीस आणि गेटवरचे चौघे, असे शेहेचाळीस कागद मी जेवणाच्या सुट्टीत भरायचे. तीन पेनं घ्यायचे. काही उजव्या हाताने, काही डाव्या. एखादीला मुद्दाम दहापैकी नऊ, नाहीतर खोटं वाटेल. सातवा प्रश्न लिहायचा होता : वायुगळती झाल्यास कोणत्या दिशेने जावे? उत्तर : वारा जिकडून येतो त्या बाजूला. हे उत्तर मी माझ्या हाताने एका दुपारी शेहेचाळीस वेळा लिहिलं, कागद उचलले आणि हिरवळीवरच्या त्या पाटीसमोरून चालत जाऊन साहेबाच्या टेबलावर ठेवले. डोक्यात काहीही आलं नाही. फोटोसाहेबाला मी वाटेल ते बोलते, तेव्हा या दुपारची आठवण मला ठेवावी लागते.

एका रविवारी गठ्ठा द्यायला त्याच्या घरी गेले होते, सर्दीने पडला होता म्हणून. बैठकीत इस्त्री चालू होती. इस्त्रीला पिनच नव्हती, दोन उघड्या तारा भिंतीतल्या भोकांत घातलेल्या आणि त्या निसटू नयेत म्हणून काड्यापेटीतल्या दोन काड्या ठोसलेल्या. मी बघतच राहिले. त्याची बायको म्हणाली, "सहा महिने सांगतेय. दिवा गेला तरी हे स्टुलावर चढत नाहीत. मी चढते, हे खालून सांगतात, जपून." आतून शिंकेचा आवाज आला आणि पाठोपाठ, "गठ्ठा सहीसकट आहे ना?"

त्याचे वर्ग मनापासून ऐकणारा कारखान्यात एकच माणूस होता. गेटवरचे काका. आधी बसचे कंडक्टर, निवृत्त झाल्यावर आमच्याकडे पहारेकरी. पहिल्या रांगेत बसायचे, शर्टाच्या खिशातून लहानशी वही काढायचे आणि साहेब काय बोलेल ते टिपून घ्यायचे. कविता सोडून. "साहेब, परत सांगा, जागा सोडायची की नाही?" असं मधेच विचारायचे. आम्ही एकमेकींना कोपरं मारायचो. फोटोसाहेबाला ते आवडायचे नाहीत, कारण त्यांच्यामुळे वर्ग लांबायचा. एकदा वैतागून म्हणाला, "काका, भोंगा वाजला की पाटीखाली उभं राहायचं, खात्यावार डोकी मोजायची, हिशोब जुळेपर्यंत हलायचं नाही. संपलं!" काकांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं.

ते घडलं एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला. मटारचा हंगाम भरात होता. मशीनघरात दादा अमोनियाच्या टाकीच्या तळाशी साचलेलं कॉम्प्रेसरचं तेल काढत होते, आणि तो व्हॉल्व्ह उघडला तो बंद होईना. तेल संपलं आणि मागून अमोनिया आला. दादांनी भोंगा दाबला.

भोंगा आम्ही इतक्या वेळा फोटोसाठी ऐकला होता की दोन-तीन बायकांनी सवयीने केस नीट केले. मग वास आला. पट्ट्याच्या टोकाची एक खोकायला लागली, तिच्या शेजारची डोळे चोळायला लागली आणि बेचाळीसही जणींनी माझ्याकडे पाहिलं.

मी पुढच्या दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं. पॅकिंगवाले, ऑफिसवाले, ट्रकचे ड्रायव्हर, सगळे हिरवळीकडे चालले होते. पाटीखाली काका उभे होते, हातात वही, ओठ हलत होते. आणि डावीकडून, मशीनघराच्या दाराखालून, पांढरं काहीतरी निघालं होतं. सांडलेल्या दुधासारखं जमिनीवरून सावकाश पुढे येत होतं. हिरवळीकडेच. साहेबाने नऊ वर्षं जे शिकवलं ते मला त्या क्षणी आठवत होतं, आणि ते सगळं यमकात होतं.

तेवढ्यात उजवीकडच्या खिडकीतून मला फोटोसाहेब दिसला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. रुमाल नाकाला लावून तो पळत होता, पण हिरवळीकडे नाही. मागे. त्याची गाडी मागच्या बाजूला सावलीत लावलेली असायची. माल चोरीला जाऊ नये म्हणून मागचं गेट कायम कुलूपबंद आणि एक किल्ली त्याच्याकडे. त्याने कुलूप काढलं, गेट ढकललं, गाडीत बसला आणि माळाच्या रस्त्याने, वाऱ्याला तोंड देत, निघून गेला.

म्हणजे त्याला माहीत होतं. वारा कुठून येतो ते, आणि कुठे जायचं ते. सातव्या प्रश्नाचं उत्तर कारखान्यात त्याने एकट्यानेच प्रत्यक्षात लिहिलं.

मी ओरडले, "एप्रन ओले करा, तोंडाला लावा, आणि साहेब पळाला तिकडे चला! उजव्या दाराने! साहेबाच्या मागे!"

धुण्याच्या हौदात एप्रन बुचकळले, हात धरले आणि आम्ही निघालो. त्याने उघडं टाकलेल्या गेटातून माळावर. तो पळाला नसता तर ते कुलूप फोडायला आमच्याकडे काही नव्हतं. माझ्या बेचाळीस बायका जिवंत आहेत त्यात त्याचा एवढा वाटा आहे, तो मी कुणापासून लपवत नाही.

हिरवळीवर तेव्हा पन्नासएक माणसं होती. पांढरं धुकं त्यांच्या पायांपर्यंत आलं तेव्हा पळापळ झाली. काही गेटबाहेर पडले, काही एकमेकांवर पडले. काका हलले नाहीत. पॅकिंगच्या एकाने त्यांचा दंड धरून ओढलं, त्याला ते म्हणाले, "तू जा. निवडणीच्या बायका यायच्या आहेत. बेचाळीस कमी आहेत." तो माणूस नंतर मला हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हता.

आत दादा मुखवट्यासाठी धडपडत होते. मशीनघरातला मुखवटा जुना, त्याची गाळणी केव्हाच संपलेली. नवे चार मुखवटे साहेबाच्या ऑफिसात काचेच्या कपाटात, पाहुण्यांना दाखवायला. कपाटाला कुलूप. दादांनी पान्याने काच फोडली, एक चढवला आणि परत आत जाऊन मुख्य व्हॉल्व्ह फिरवला. वीस मिनिटं गेली त्यात. एकोणीस माणसं दवाखान्यात गेली. सतरा जण आठवड्याभरात घरी आले. एकाचा आवाज बसला तो बसलाच. आणि काका.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना भेटायला गेले. डोळ्यांवर पट्ट्या, नाकात नळी. काकू पलंगाशेजारी बसल्या होत्या. मी कोण ते न विचारताच त्यांनी मला स्टूल दिलं.

"सारखं बेचाळीस बेचाळीस म्हणतात," त्या म्हणाल्या. "जाग आली की बेचाळीस, झोपेत बेचाळीस. काय आहे गं हे बेचाळीस?"

"आम्ही आहोत, काकू," मी म्हटलं.

मग मी काकांच्या कानाशी वाकून सांगितलं की काका, सगळ्या आल्या, एकूण एक, हिशोब जुळला. त्यांनी मान हलवली की नुसताच श्वास घेतला ते कळलं नाही. निघताना काकूंनी त्यांच्या शर्टातली वही माझ्या हातात दिली. "कारखान्याची असेल तर घेऊन जा. इथे हरवेल."

दुसऱ्या दिवशी फोटोसाहेब दवाखान्यात आला. मी तिथेच होते, म्हणून हे ऐकीव नाही. सोबत फोटोग्राफर. हातात चौकटीतलं सर्टिफिकेट : आदर्श सुरक्षारक्षक. काकूंना म्हणाला, "वहिनी, जरा उशी वर करा, चेहरा दिसला पाहिजे." मग सर्टिफिकेट काकांच्या छातीवर ठेवलं, हो, ज्या छातीतून श्वास निघत नव्हता त्याच छातीवर, आणि स्वतः वाकून अंगठा वर केला.

काकूंनी चौकट उचलून त्याच्या हातात परत दिली. आवाज न चढवता म्हणाल्या, "त्यांना आत्ता दिसत नाही. दिसायला लागलं की आणा. आणि तेव्हाही दारातूनच द्या."

पंधरा दिवसांनी चौकशी लागली. कॅन्टीनमध्ये टेबलं जोडली, तपासणीसाठी सरकारकडून एक बाई आल्या होत्या. वयस्कर, टेबलाखाली चपला काढून बसलेल्या, प्रत्येक कागद दोनदा वाचणाऱ्या. फोटोसाहेबाने फायलींची चळत त्यांच्यापुढे ठेवली. हेल्मेट घालून आला होता. कॅन्टीनमध्ये.

त्याचा अहवाल त्याने उभं राहून वाचला. त्यात काय होतं, तर कारखान्याने प्रत्येक कामगाराला पूर्ण प्रशिक्षण दिलं होतं. वायुगळतीत वाऱ्याच्या दिशेचं भान ठेवावं हे पहारेकऱ्याला शिकवलेलं होतं आणि परीक्षेत त्याने त्याचं बरोबर उत्तरही लिहिलं होतं. तरीही त्याने पन्नास माणसांना चुकीच्या ठिकाणी थांबवलं. सबब, दुर्घटनेचं कारण पहारेकऱ्याचा निष्काळजीपणा. पुरावा, सोबत जोडलेली उत्तरपत्रिका.

त्याने ती उत्तरपत्रिका उंच धरली. माझंच अक्षर होतं. डाव्या हाताचं.

मी नऊ वर्षं मनातल्या मनात त्याची टिंगल करून स्वतःला फार शहाणी समजत आले होते. आणि काकांच्या गळ्यातला दोर माझ्या हाताने वळलेला होता. गप्प बसले असते तर माझी नोकरी राहिली असती. खरं सांगायचं तर तो हिशोब मी आधी केलाही. मग दादा माझ्याकडे पाहत आहेत असं वाटलं. पाहिलं तर ते पाहत नव्हते, ते अमोनियाने भाजलेल्या आपल्या हाताकडे बघत होते. मी उठले.

"बाईसाहेब, ते काकांनी लिहिलेलं नाही. मी लिहिलंय. शेहेचाळीसच्या शेहेचाळीस कागद मी लिहिलेत."

फोटोसाहेब म्हणाला, "या बाईंना धक्का बसलाय. त्या दिवसापासून."

तपासणीच्या बाईंनी माझ्यापुढे कोरा कागद आणि पेन सरकवलं. "लिहा."

मी सातवं उत्तर लिहिलं. उजव्या हाताने, मग डाव्या हाताने, मग अक्षर तिरकं करून. त्यांनी प्रत्येक ओळ फाइलीशी लावून पाहिली. मग मी काकांची वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पानं उलटली आणि मोठ्याने वाचलं, "भोंगा वाजला की पाटीखाली उभे राहणे. खात्यावार डोकी मोजणे. हिशोब जुळेपर्यंत हलू नये. साहेबांनी सांगितले." खाली तारीख होती.

वही मिटून त्यांनी साहेबाकडे पाहिलं.

"तुम्ही हे सांगितलं होतं?"

"संदर्भ वेगळा होता."

"बरं. भोंगा वाजला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"ऑफिसात."

"मग पाटीखाली का उभे राहिला नाहीत?"

त्याने हेल्मेट काढलं, परत घातलं. "मी मदत आणायला गेलो होतो."

"कुठे?"

"घरी."

"घरी?"

"माझा फोन घरी राहिला होता."

दादा तीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने हसले. हसता हसता खोकला लागला, तेव्हा बाहेर गेले. साहेब मात्र त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघून म्हणाला, "बघा, ही यांची शिस्त." तेव्हाही त्याला वाटत होतं की नोंदीत काहीतरी भर घालता येईल.

त्याची नोकरी गेली. मालकांवर खटला उभा राहिला, तो अजून चालू आहे आणि चालतच राहील. माझी सुपरवायझरी गेली, ती जायलाच हवी होती. दीड वर्ष मी माझ्याच बायकांमध्ये पट्ट्यावर उभी राहून किडके दाणे उडवले. त्यांच्यातल्या एकीनेही मला टोमणा मारला नाही, फक्त एकीने विचारलं, "ताई, मला दहापैकी किती दिले होते?" नऊ दिले होते. तिने आठवडाभर अबोला धरला.

आता वर्ग दादा घेतात. मशीनघराच्या दारात, एका वेळी दहा जण. डोळे मिटून भिंत चाचपत दारापर्यंत जायचं, व्हॉल्व्ह कुठला ते हाताने दाखवायचं. सुपरवायझरने सगळ्यांच्या आधी करून दाखवायचं, तेही हजेरीचा कागद न घेता. दादा अजूनही फारसे बोलत नाहीत. कुणी चुकलं तर म्हणतात, "मेलीस. परत."

काकांच्या एका डोळ्याने दिसतं. जिना चढवत नाही, म्हणून खालच्या खोलीत राहतात. मी रविवारी जाते.

गेल्या वर्षी फोटोसाहेबाचा फोन आला. कुठल्याशा गोदामात पुन्हा हजेरी लिहितो म्हणाला. आधी ब्लडप्रेशरबद्दल सांगितलं, मग नशिबाबद्दल, मग मुद्द्यावर आला. त्याला अपील करायचं होतं. उत्तरपत्रिका मी त्याच्या नकळत लिहिल्या, असं मी सही करून द्यावं.

"तुमचं काय जातंय, बाई? तुमची शिक्षा भोगून झाली. माझं आयुष्य उद्ध्वस्त झालं."

मला वाटलं होतं की याचा आवाज ऐकला की संताप येईल. नाही आला. चपलेला काही चिकटलं की पायरीला घासून टाकावं, तेवढंच वाटलं. मी विचारलं, "साहेब, काकांना भेटलात का?"

"वेळ झाला नाही. आणि पत्ता नाही माझ्याकडे."

"लिहून घ्या."

मी पत्ता सांगितला. गल्ली, घराचा नंबर, दारासमोरचा नळ. त्याने लिहून घेतला, परत वाचून दाखवला, एकही चूक नव्हती. लिहिण्यात तो कधीच चुकला नाही.

अजून गेलेला नाही. मी दर रविवारी काकूंना विचारते, आला होता का? परवा त्या वैतागल्या. म्हणाल्या, "कशाला सारखं विचारतेस? खरंच आला तर मला त्याला चहा करावा लागेल."